लवू घाड्याची बियर

लवू घाडी दिसायला अगदीच किरकोळ माणूस. उंची पाच फूट तीन इंच, कानावर अर्धी विडी, चालताना डावा खांदा पुढं. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात तो लेथवर हेल्पर होता आणि तिथला पंचविशीतला फोरमन त्याला 'ए मामा' म्हणून हाक मारायचा. पण घाटकोपरला, असल्फ्याच्या टेकडीवरच्या म्हापणकर चाळीत हाच लवू अंघोळ करून, डोक्याला पंचा गुंडाळून राखणदाराच्या, म्हणजे चाळ राखणाऱ्या देवाच्या, दगडापुढं उभा राहिला की बत्तीस बिऱ्हाडं हात जोडून गप्प व्हायची. गाऱ्हाणं घालावं तर लवूनं, असं सगळेच म्हणत.

मालवणी माणसाला गाऱ्हाणं म्हणजे काय ते सांगायला नको, पण वाचणारा देशावरचा असेल तर तो उगाच ताटकळायला नको. आपलं जे काही दुखणं, मागणं, चुकणं असेल ते देवापुढं मोठ्यानं, चार लोकांच्या साक्षीनं बोलायचं, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा द्यायचा. बोलण्याचा मान घाड्याचा. लवूचा बाप घाडी, आजा घाडी. लवू स्वतः गिरणीत साइझिंग खात्यात होता, सुताला लावायची खळ मोठमोठ्या कढयांत शिजवायचा. संपात गिरणी बुडाली, खातं बुडालं, लालबागची खोली गेली. राहिली ती एवढी जीभ. कुणाचं दुकान उघडायचं असो, कुणाच्या पोराची मॅट्रिकची परीक्षा असो, नारळ घेऊन माणसं लवूच्या दारात उभी राहायची आणि त्या वेळी त्याला मामा म्हणायची कुणाची टाप नव्हती.

तर ही जीभ एकदा लटपटली होती, ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचा सगळा उपद्व्याप कळायचा नाही. संपाच्या दुसऱ्या वर्षी लवू प्यायला लागला, आणि थोडीथोडकी नव्हे, सकाळच्या चहाच्या जागी. त्यातच त्र्याऐंशी साली त्याची आठ वर्षांची मुलगी मीरा विषमज्वरानं अंथरुणाला खिळली. तिला इस्पितळात ठेवली, आणि सातव्या दिवशी लवूची बायको सुगंधा तिथून धावत टेकडी चढून आली, म्हणाली, गाऱ्हाणं घाला. लवू दगडापुढं उभा राहिला. तोंड उघडलं. बारा गावच्या वेशी त्याला आठवल्या, शेजाऱ्यांच्या सगळ्या पोरांची नावं आठवली, आणि स्वतःच्या मुलीचं नाव काही केल्या आठवेना. माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणायला तोंड उघडून वाट बघत राहिली. शेवटी सुगंधानं पदर खोचला आणि बाईमाणसानं कधी घालायचं नाही ते गाऱ्हाणं तिनं स्वतः घातलं. मीरा वाचली. पण ते गप्प उभं राहणं लवूच्या काळजात कायमचं रुतून बसलं.

मीरा घरी आली त्याच दिवशी सुगंधानं नवऱ्याला दगडापुढं नेलं. शपथ घ्यायची ती नुसती 'दारू पिणार नाय' अशी घ्यायची नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दारू म्हणजे नेमकं काय, यावर पिणारा माणूस कसा कीस काढतो ते तिनं रोज ऐकलं होतं. म्हणून ती मागं उभी राहून एकेक नाव सांगत गेली आणि लवू ते पुढं बोलत गेला. हातभट्टी, म्हाराजा. पहिल्या धारेची आणि दुसऱ्या धारेची, म्हाराजा. नारंगी, मोसंबी, संत्रा. ताडी, माडी. फेणी, काजूची आणि माडाची. रम, मिलिटरीतली धरून. ब्रँडी, औषध म्हणून घेतलेली धरून. विस्की. प्रत्येक नावाला चाळ 'व्हय म्हाराजा' म्हणत होती, आणि पुरुषमंडळींचा आवाज नावागणिक बारीक होत होता. यातलं काही तोंडात गेलं तर ही जीभ पुन्हा तुझ्यापुढं उघडायची नाही, असं म्हणून लवूनं नारळ फोडला. घाडीपणच त्यानं गहाण ठेवलं. आणि शपथ पाळलीही. वर्षातून एकदा चाळीच्या राखणीला, म्हणजे राखणदाराला कोंबडा-नारळ द्यायच्या दिवशी, दगडावर दारू ओतायची ती लवूनंच ओतायची, तेव्हासुद्धा हाताला लागलेला थेंब तो पंच्याला पुसायचा, चाटायचा नाही. सुगंधा बघत असायचीच.

असं साडेतीन वर्षं सुरळीत चाललं, आणि शहाऐंशीच्या डिसेंबरात जयवंत आला.

जयवंत हा लवूच्या थोरल्या भावाचा मुलगा, मालवाहू बोटीवर भांडारी, म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. आठ महिन्यांनी घरी आला की साबण, सेंट, सिगारेटी वाटत फिरायचा. काकाला काय द्यायचं हा त्याला दरवेळी प्रश्न. या वेळी मात्र त्यानं पुठ्ठ्याचं एक खोकं आणलं होतं. इंग्लंडातल्या कुठल्याशा बंदरात केमिस्टच्या दुकानात मिळालं, खोकल्याच्या औषधाशेजारी मांडून ठेवलं होतं, आणि इतकं स्वस्त की दुकानदारालाच दोनदा विचारलं, असं त्यानं सांगितलं. आत एक पत्र्याचा डबा, कागदाची चिमुकली पुडी, प्लास्टिकची एक वाकडी नळी आणि बारीक अक्षरात छापलेला कागद. तिथले लोक म्हणे घरच्या घरी बियर करतात, मोरीशेजारी बादली ठेवून, आणि बायका काही बोलत नाहीत.

लवूनं खोकं असं खाली ठेवलं जसा काही आत विंचू होता. तेव्हा जयवंत डोळा बारीक करून म्हणाला, "काकानु, ह्यात दारूचो टिपूस नाय. ह्यो निस्तो पाक आसा. कस्टमवाल्यानसुद्धा वास घेवन सोडल्यान."

लवूनं डबा हलवून बघितला. आत काकवीसारखं जड काहीतरी सावकाश सरकलं. आणि मग, कसं कोण जाणे, त्याच्या मनात ती जुनी यादी आपोआप सुरू झाली. हातभट्टी, पहिली धार, दुसरी धार, नारंगी, मोसंबी... तो शेवटपर्यंत गेला. पुन्हा पहिल्यापासून आला. बियर त्यात नव्हती. कशी असणार? त्र्याऐंशी साली म्हापणकर चाळीत बियर पिणारं होतं कोण! ती श्रीमंतांची, हाटेलात बसून प्यायची गोष्ट. सुगंधानं ती जन्मात पाहिली नव्हती. साडेतीन वर्षं भिंत समजून जिला टेकून बसला होता तिच्यात दार निघावं तसं लवूला झालं.

पण घाड्याचा पोर तो, एवढ्यावर विश्वास ठेवणारा नव्हता. त्यानं भीमराजला गाठलं. भीमराज खालच्या मजल्यावर राहायचा, कुर्ल्याच्या एका वकिलाकडं कारकून होता. बाबासाहेबांची तसबीर घरात, देवदेवस्की काही मानत नसे, पण राखणीच्या जेवणाला न चुकता पहिल्या पंगतीला असायचा. त्याला इंग्रजी येत होतं आणि कायदाही, म्हणून लवूनं दोन्ही कागद त्याच्यापुढं ठेवले, म्हणजे एक छापील आणि एक तोंडी. भीमराजनं यादी दोनदा ऐकली, चष्मा काढला, पुसला. कलमात ज्याचं नाव नाही त्याचा गुन्हा होत नाही, असं त्यानं मत दिलं. "पण लवू, हे तुझ्या राखणदाराचं कोर्ट आहे. मी ते कोर्टच मानत नाही, तर उद्या निकाल उलटा लागला तर अपील कुठं करू? आणि सरकारच्या कायद्याचं तू मला विचारलेलंच नाहीस, कळलं ना?"

कळलं. लवू त्याच दिवशी कामाला लागला.

आता मुंबईतल्या दहा बाय बाराच्या खोलीत बायकोपासून बियर लपवणं म्हणजे कोंबड्यापासून पहाट लपवण्यासारखं. पण चाळीच्या जिन्याखाली एक अंधारी कोठी होती. गणपतीचं मखर, ढोल, झांजा, सतरंज्या सगळं तिथं, आणि किल्ली लवूकडं. म्हणजे घरातल्या खिळ्याला. लवूनं नवंकोरं पंचवीस लिटरचं पांढरं पिंप आणलं आणि विचारणाऱ्याला वर्कशॉपचं केमिकल आहे, झाकण उघडलं तर डोळे जातील, असं सांगितलं. सुगंधानं विचारलं तेव्हा तिलाही तेच सांगितलं. ती बरं म्हणाली. ज्या बायकोनं नुसतं बरं म्हटलं तिच्यापासून जपून राहावं, हे लग्नाला सतरा वर्षं झालेल्या माणसाला कळायला हवं होतं.

भीमराज कागद वाचायचा आणि लवू करायचा. पहिलीच ओळ मोठ्या अक्षरात होती, सगळं स्वच्छ पाहिजे. लवूनं पिंप चार वेळा उकळत्या पाण्यानं धुतलं. डबा गरम पाण्यात ठेवून पाक सैल केला, त्यात रेशनची किलोभर साखर विरघळवली, उकळून निववलेलं पाणी घातलं. मग कागद म्हणाला, इतक्या इतक्या डिग्रीला आल्यावर पुडी टाका. थर्मामीटर कुणाकडं? लवूनं बाही वर करून कोपर बुडवलं. साइझिंग खात्यात खळ हवी तेवढी निवली की नाही ते तो असंच बघायचा, आणि खात्यातला मुकादम, म्हणजे जॉबर, साहेबाला बोलावून म्हणायचा, मीटर राहू दे, लवूचं कोपर बघा. कोपर त्या कोमट, गोड पाण्यात गेलं आणि लवूला एकदम भरून आलं. पाच वर्षांत त्यानं काही शिजवलं नव्हतं. साकीनाक्याला तो दिवसभर लोखंडाचा कीस झाडत होता. भीमराजनं विचारलं, काय झालं रे, तर म्हणाला, वाफ गेली डोळ्यात. मग त्यानं पुडी टाकली, झाकणात नळी बसवली आणि कोठीला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कान लावला तर आतून गुडूक, गुडूक असा आवाज. लवू असा हरखला की जिन्यावरून उतरणाऱ्या राधाबाईंना त्यानं कारण नसताना नमस्कार केला. चौथ्या दिवशी राधाबाई म्हणाल्या की जिन्यात पाव भाजल्यासारखा वास येतो. लवू म्हणाला, वारा बदललाय, बेकरी खालच्या गल्लीत आहे ना. वारा काही बदलला नव्हता. वास चाळभर होता, आणि पुरुषमंडळी जिन्याखाली विड्या ओढायला जास्तच थांबू लागली होती.

आठवड्याअखेर टेकडीवर थंडी उतरली. असल्फ्याच्या मानानं चांगलीच, दातावर दात वाजावेत अशी. गुडगुड मंदावली, दोन मिनिटांनी एक, मग पाच मिनिटांनी एक. कागदात लिहिलं होतं की गारठा लागला तर काम बंद पडतं. लवू कासावीस झाला. मुलीच्या तापात बसला नव्हता इतका तो पिंपाशेजारी बसला, आणि हे ध्यानात येताच त्याला स्वतःची लाजही वाटली. सकाळी कामावर जायच्या आधी त्यानं कोठी उघडली आणि जागच्या जागी उभा राहिला.

पिंपावर घोंगडी होती.

काळी, जाडीभरडी, व्यवस्थित लपेटलेली, वरून सुतळीनं बांधलेली. कुलूप तसंच लावलेलं होतं. आत पिंप पुन्हा जोरात गुडगुडत होतं. आता मालवणात लहान पोरालासुद्धा विचारा, खांद्यावर काळी घोंगडी टाकून रात्री सीमेवर कोण फिरतं? राखणदार. दुसरं कोण! लवूनं चपला काढल्या, पिंपाला दोन्ही हात जोडले आणि धावत भीमराजकडं गेला. निकाल लागला, म्हणाला, वरच्या कोर्टाचा. भीमराजनं येऊन घोंगडी बोटांनी चाचपून बघितली, वास घेतला, तोंडाशी आलेलं काहीतरी गिळलं आणि शुभ आहे म्हणाला. त्याला घोंगडीला डांबराच्या गोळ्यांचा वास आला होता. राखणदार ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवतो हे काही त्याला पटलं नाही, पण मौज बघायची सोडून सांगेल तो भीमराज कसला.

त्या दिवसापासून लवू मोकळा झाला. सोडावाल्या धोंडूकडनं झाकणं दाबायचं मशीन कोकम सरबतासाठी म्हणून दोन दिवस मागून आणलं. भंगारातनं चाळीस रिकाम्या बाटल्या आणून त्या खळखळून धुतल्या, भरल्या, प्रत्येकीत चिमूटभर साखर घालून झाकणं ठोकली. आता तीन आठवडे थांबायचं होतं आणि चाळीची राखण होती जानेवारीच्या शेवटच्या रविवारी. लवूच्या मनात सगळा बेत शिजला. दगडावर पहिली बाटली ओतायची, आणि मग उरलेली प्रसाद म्हणून. एक तर यादीत नाही, दुसरं म्हणजे देवाची संमती, तिसरं म्हणजे प्रसाद नाकारायचा नसतो. तीन तीन आधार होते त्याला. थेंबही अजून जिभेला लावला नव्हता, पण साकीनाक्याला लेथवर उभा असताना तो मधेच ओठांवरून जीभ फिरवायचा आणि फोरमन विचारायचा, मामा, काय खाल्लंत?

राखणीच्या आदल्या संध्याकाळी तो बाटल्या मोजायला कोठीत गेला, तर सतरंज्यांच्या ढिगावर सुगंधा बसलेली. हातात ती घोंगडी, घडी घालत होती.

लवूला आधी वाटलं पळावं. मग वाटलं, पळायचं कशाला, आपली बाजू भक्कम आहे. त्यानं घसा साफ करून सगळं मांडलं, यादी, कलम, प्रसाद, आणि शेवटी हुकमाचं पान टाकलं की राखणदारानं स्वतः येऊन घोंगडी पांघरली.

"ही घोंगडी माझ्या बापाशीची," सुगंधा म्हणाली. "ट्रंकेत तळाशी व्हती. तुमी निजल्यावर किल्ली खंय जाता असा वाटला तुमका?"

तिला दुसऱ्या दिवशीच वास आला होता. साखर गेली तेव्हाच कळलं होतं, केमिकल कुणी रेशनच्या साखरेत करत नाही. आणि तिनं सांगितलं, चिडून नव्हे, अगदी साधेपणानं, की मोडायलाच आली होती, पिंप आडवं करून गटारात सोडायला. पण कान लावला तर ते आत थंडीनं निवत चाललेलं. आंबोळीचं पीठ निवताना जिला बघवत नाही तिला हे तरी कसं बघवावं? घोंगडी घालून गेली. मग रोज दुपारी येऊन कान लावायचीही सवय लागली.

"पिया नको म्हणान मी सांगूचंय नाय," ती म्हणाली. "यादी माझी, चूक माझी. फक्त उद्या गाऱ्हाण्यात सांगा. सगळ्यांम्होरं सांगा, बियर यादीत नाय, म्हणान पितंय. मगे पोटभर पिया."

असं म्हणून ती गेली. घोंगडी घेऊन गेली. लवू बाटल्यांपाशी बसून राहिला. इतका पक्का बांधलेला खटला, आणि न्यायाधीश म्हणून तिनं त्यालाच बसवलं होतं. त्याला तिचा मनापासून राग आला, आणि रागवायला जागा नव्हती याचा त्याहून जास्त आला.

रविवारी दगडाला शेंदूर लागला, हार पडले, कोंबडा बांधला गेला. चाळ झाडून जमली. जयवंत नवीन शर्ट घालून पुढं उभा, भीमराज मागं हाताची घडी घालून, चेहऱ्यावर मजा. बाटल्यांचा क्रेट दगडाशेजारी, आणि पुरुषमंडळींचे डोळे देवावर कमी आणि त्याच्यावर जास्त. लवूनं पंचा गुंडाळला आणि सुरुवात केली. बारा गावच्या, बारा वेशीच्या म्हाराजा, आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे नारळ ठेवन उभी आसत. व्हय म्हाराजा. त्यांच्या पोराबाळांक सुखी ठेव. व्हय म्हाराजा. कोणी वाकडा केल्यान असात ता सरळ कर. व्हय म्हाराजा. आवाज चांगला लागला होता. ओळीनं घरं घेत घेत तो शेवटच्या बिऱ्हाडाशी, म्हणजे स्वतःशी आला.

समोर मीरा उभी होती. बारा वर्षांची, आता आईच्या खांद्याला लागणारी, बापाच्या गाऱ्हाण्याला सगळ्यांत मोठ्यानं दुजोरा देणारी. ती तोंड उघडून वाट बघत होती. लवूच्या घशात तयार केलेलं वाक्य होतं, बियर यादीत नाय. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. पण घाड्याला ठाऊक असतं की इथं खरं बोलून भागत नाही, सगळं बोलावं लागतं. अर्ध्या मिनिटाची शांतता पसरली आणि जुनी माणसं सुगंधाकडं बघू लागली, कारण अशी शांतता त्यांनी एकदा ऐकली होती.

"आणि म्हाराजा," लवू म्हणाला, "हो तुझो घाडी लवू. चार वर्सांमागे तुझ्याम्होरं शपथ घेतल्यान. ती तोंडान मोडूक नाय, पण गेलो दीड म्हयनो मनान रोज पिल्यान, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," चाळ सवयीनं बोलून गेली, आणि मग एकमेकांकडं बघू लागली.

"यादीत एक नाव ऱ्हवला व्हता. त्या बुराकातसून भायर पडूक बघी व्हतो. ता बुराक आज बुजवतंय. बियर, म्हाराजा. इंग्लंडातली, हाटेलातली, आणि ह्या घाड्यान स्वताच्या हातान केलेली धरून."

"व्हय म्हाराजा," मीरा सगळ्यांत आधी म्हणाली. तिच्यामागं बाकीचे म्हणाले, जयवंत जरा उशिरा. काय चुकला माकला असात ता पोटात घाल, असं म्हणून लवूनं नारळ फोडला आणि पहिली बाटली उघडली. फस्सकन फेस उसळून दगडावरून, शेंदरावरून, त्याच्या मनगटावरून खाली आला. त्यानं मनगट पंच्याला पुसलं. मान वर करून सुगंधाकडं बघितलं नाही, कारण डोळे भरले होते आणि वाफेचं निमित्त इथं चालणारं नव्हतं.

उरलेल्या बाटल्यांवर मग चाळीनं जी झडप घातली तिचं वर्णन नको. लवू पंगतीत वाढत फिरत होता, आणि प्रत्येकापाशी थांबून विचारत होता, कशी लागते? इथं त्याच्या ध्यानात आलं की आपण केवढं काय सोडलं. प्यायचं सोडलं त्याचं दुःख नव्हतं. पण दीड महिना खपून, कोपरानं माप घेऊन, थंडीत जपून आपण केलं काय, झालं काय, हे आपल्याला या जन्मात कळणार नव्हतं. आणि सांगणारा एकही धड नव्हता. जयवंत म्हणाला, फस्क्लास, इंग्लंडसारखी. तो साबणालाही हेच म्हणायचा. धोंडू म्हणाला, कोकम कुठं लागत नाही यात. भीमराजनं तीन पेले रिचवून सांगितलं की पुरावा अपुरा आहे, चौथा लागेल. बाकीच्यांना झकासच्या पुढं शब्द सुचत नव्हता. लवू रिकामा क्रेट घेऊन खोलीवर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

दुपार कलली होती. मीरा मैत्रिणींकडं गेली होती. सुगंधानं दाराला आतून कडी लावली, फडताळातून एक बाटली काढली, पाट्याच्या कडेला टेकवून झाकण उडवलं आणि चहाच्या पेल्यात ओतली.

"अगो," लवू म्हणाला, "तू?"

"शपथ तुमी घेतलास," ती म्हणाली. "मी खंय घेतलंय? बसा हंय."

तो तिच्यासमोर भुईवर बसला. तिनं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, गिळला. मग दुसरा घेतला, तो तोंडात घोळवला. लवू तिच्या ओठांकडं बघत होता, जसा निकालाच्या दिवशी पोरगा मास्तरकडं बघतो.

"पयला गोड लागता," ती सावकाश सांगू लागली. "भाजल्या तांदळासारखा. मगे मागसून कडू येता, पण कारल्यासारखा नाय. भाकरीची कड करपता ना, तसा. जिभेर मुंग्ये चालतत." तिनं आणखी एक घोट घेतला आणि डोळे मिटले. "आंबण बराबर इला आसा. एक दिस जास्त ऱ्हवला असता तर आंबट झाला असता. नाय झाला. हात चांगलो पडलो तुमचो."

लवूनं हळूच विचारलं, "आणि?"

"थांबा," सुगंधा म्हणाली, "बघून सांगतंय," आणि तिनं पेला पुन्हा भरला.